मुडीतलं बियाणं आणि साखळीवरची नोंद

पिकांच्या वाणांची मालकी ब्लॉकचेनवर नोंदवू पाहणारे संगणक अभियंते, बौद्धिक संपदेचे वकील आणि नवउद्योजक यांस,



गोव्यातल्या डिचोली तालुक्यात, नार्वे गावात एका घराच्या माळ्यावर दर वर्षी भाताची मुडी बांधली जाते. पेंढा गोल पसरायचा, मधोमध निवडलेलं कोरगुट भात ओतायचं, पेंढ्याची टोकं वर घेऊन आवळायची आणि पेंढ्याच्याच दोरीने फेऱ्यावर फेरे देत बांधायचं. मग लाकडी ठोकणीने चारी बाजूंनी ठोकून ठोकून ती भोपळ्यासारखी घट्ट करायची. चुलीचा धूर लागेल अशा जागी ती ठेवली की पुढच्या पेरणीपर्यंत कीड लागत नाही. हे काम त्या घरातली आजी करते. कोणत्या कुणग्यातलं भात बियाण्याला ठेवायचं हे तीच कापणीआधी ठरवते, कारण खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या खारवट शेताच्या, बांधालगत खारं पाणी शिरूनही जे लोंबीला येतं, तेच तिला हवं असतं.

या घरी आपल्यापैकी एक जण येऊन गेला. तरुण होता, वागायला नम्र होता. त्याने मूठभर भात मागून घेतलं, फोटो काढले, मोबाइलवर एक अर्ज भरला आणि सांगितलं की हे वाण आता कायमचं नोंदलं गेलं, जगात कोणालाही ते पुसता येणार नाही. अर्जात जमिनीचा पुरावा मागितला होता. घरात एक-चौदाचा जमिनीचा उतारा होता. त्यावर भाटकाराचं, म्हणजे जमीनमालकाचं, नाव आणि कुळाच्या रकान्यात आजीच्या दिवंगत सासऱ्यांचं. म्हणून बियाण्याचा राखणदार म्हणून सासऱ्यांचंच नाव चढलं. आजीने विचारलं, नाव चुकलंय, खोडायचं कसं? तो म्हणाला, खोडता येत नाही, तेच तर याचं वैशिष्ट्य आहे.

हे पत्र त्या प्रसंगातून निघालं आहे. त्या तरुणावर राग नाही. राग आहे तो विचार पुरता न करता गावात उतरणाऱ्या एका कल्पनेवर, आणि ती कल्पना जिथून आली तिथपर्यंत मागे जाऊन आपल्याशी बोलावं असं या पत्राच्या लेखकाला वाटलं.

ती आली गांजाच्या शेतीतून. अमेरिकेत एकेका राज्याने गांजाला परवानगी दिली, पण केंद्राचा कायदा त्याला गुन्हाच मानत राहिला. वर्षानुवर्षं लपूनछपून वाण तयार करणारे उत्पादक अचानक उघड्यावर आले आणि त्यांच्यासमोर प्रश्न उभा राहिला: आपण घडवलेलं वाण उद्या मोठ्या कंपनीने आपल्या नावावर केलं तर? भीती खोटी नव्हती. २०१५ साली बायोटेक इन्स्टिट्यूट नावाच्या कंपनीला गांजाच्या वाणांवर अमेरिकेचं पेटंट मिळालं. २०१६च्या डिसेंबरात 'इक्वेडोरियन सटायव्हा' या रोपावर तिथलं वनस्पती पेटंट दिलं गेलं. २०१८च्या शेती विधेयकाने हेम्प, म्हणजे नशेचं द्रव्य ०.३ टक्क्यांपर्यंतच असलेली भांग, कायदेशीर केली आणि पुढच्या वर्षापासून तिच्या बियाण्यालाही वाण संरक्षणाचं दार उघडलं.

मॅसॅच्युसेट्समधल्या मेडिसिनल जिनोमिक्स या कंपनीने यावर एक तोड काढली. उत्पादकाने रोपाचा नमुना पाठवायचा, कंपनीने त्याची जनुकीय मांडणी वाचायची, त्या माहितीच्या फाइलचा गणिती ठसा काढायचा आणि तो सार्वजनिक साखळीवर, म्हणजे ब्लॉकचेनवर, चढवायचा. कंपनीच्या 'कॅनापीडिया' या संग्रहात प्रत्येक वाणाच्या पानाच्या तळाशी हा ठसा आणि व्यवहाराचा क्रमांक दिसतो. अमुक दिवशी ही माहिती अस्तित्वात होती, याचा न पुसता येणारा पुरावा. २०१८मध्ये त्याच कंपनीने 'जमैकन लायन' या वाणाचा संपूर्ण आराखडा वाचला, तेव्हा त्यासाठी पैसाही डॅश या आभासी चलनाच्या समूहाने पुरवला होता. कल्पना चतुर आहे, आणि तिच्यामागचा हेतू लहान उत्पादकाला बळ देण्याचा होता, हे इथे मोकळेपणाने मान्य करायला हवं.

आता गोव्याकडे. २०२०च्या डिसेंबरात गोवा सरकारच्या कायदा खात्याने औषधी उपयोगासाठी गांजाच्या मर्यादित लागवडीच्या प्रस्तावाला संमती दिल्याची बातमी आली. राज्यभर गदारोळ झाला, विरोधक तुटून पडले आणि मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांना, म्हणजे याच डिचोली तालुक्यातल्या साखळी मतदारसंघाच्या आमदारांना, असा काही निर्णय होणार नाही असं सांगावं लागलं. योगायोग असा की त्याच महिन्याच्या सुरुवातीला संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ आयोगाने २७ विरुद्ध २५ मतांनी गांजाला सर्वांत घातक पदार्थांच्या यादीतून काढलं होतं आणि भारताने बाजूने मत दिलं होतं. उत्तराखंडने त्याआधीच, २०१८मध्ये, औद्योगिक भांगेच्या लागवडीला परवाना दिला होता. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेची, म्हणजे सीएसआयआरची, जम्मूतली प्रयोगशाळा औषधी गांजावर संशोधन करते आहे. मुंबईच्या बॉम्बे हेम्प कंपनीसारखे तरुणांचे उद्योग दहा वर्षांहून अधिक काळ या पिकात आहेत. तेव्हा विषय पुन्हा येणार आहे. तो येईल तेव्हा आपण आपली तयार साखळी घेऊन पेडण्यात आणि डिचोलीत हजर असाल. तोवर सरावासाठी आपण आमच्या भाताकडे, मिरचीकडे, आंब्याकडे वळला आहात. म्हणून काही गोष्टी आताच सांगून ठेवायच्या आहेत.

पहिली गोष्ट आपल्या गणिती ठशाची. तो ठसा ६४ अक्षर-अंकांचा असतो. फाइलमधला एक स्वल्पविराम हलला तरी ठसा पूर्ण बदलतो, आणि त्यातच त्याची ताकद आहे. म्हणून तो कागदपत्रांना उत्तम लागू पडतो. २०२२मध्ये गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्लीत सुमारे ६५ हजार जातीचे दाखले साखळीवर नोंदवले गेले. दाखला हा कागद आहे, तो जसाच्या तसा राहतो, खोटा दाखला ठशाशी जुळत नाही. त्याच वर्षी झारखंडने सरकारी बियाण्याच्या पिशव्या कोठारापासून शेतकऱ्यापर्यंत कशा गेल्या याचा माग साखळीवर ठेवायला सुरुवात केली. पिशवी मोजता येते, तिच्यावर चिन्ह चिकटवता येतं.

रोप मात्र फाइल नसतं. एकाच पानाचे दोन तुकडे दोनदा वाचले तरी यंत्रातून दोन वेगळ्या फाइली बाहेर पडतात, कारण वाचनात थोडी चूक, थोडा खंड असतोच. दोन फाइली, म्हणजे दोन पूर्ण वेगळे ठसे. तेव्हा चोरलेलं वाण आणि मूळ वाण एकच आहे हे ठसा कधीच सांगू शकत नाही. ते सांगायला दोन्ही रोपं शेजारी शेजारी लावावी लागतात, उंची, लोंबी, दाणा, रंग, पिकायचा काळ मोजावा लागतो, जनुकांची तुलना करावी लागते आणि शेवटी कुणा जाणकाराला निवाडा द्यावा लागतो. आपण म्हणता, साखळीमुळे मध्यस्थाची गरज उरत नाही. वाणाच्या बाबतीत ज्याची गरज उरते तो मध्यस्थच आहे, आणि त्याच्या पगाराची, शेताची, प्रयोगशाळेची तरतूद आपल्या कुठल्याच सादरीकरणात दिसत नाही.

गांजाचं तर आणखी कठीण. त्यात नर झाड वेगळं, मादी वेगळी. परागकण वाऱ्याने मैलोनमैल जातात. बियाण्यातून आलेलं प्रत्येक रोप थोडं वेगळं. म्हणून चांगलं वाण टिकवायचं तर फांदी तोडून रोप करतात, आपल्याकडे आंब्याचं कलम करतात तसं. आणि नावांचा गोंधळ विचारू नका. २०१५मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी गांजाचे ८१ आणि हेम्पचे ४३ नमुने तपासले तेव्हा दिसलं की एकाच नावाने विकलं जाणारं रोप अनेकदा जनुकांनी एक नसतं. अशा बाजारात चुकीचं नाव न पुसता येणाऱ्या वहीत चढलं की ते कायमचं चूक होऊन बसतं. नार्व्याच्या आजीने विचारलेला प्रश्न हाच होता.

दुसरी गोष्ट जास्त बोचणारी आहे. पुरावा नाही म्हणून शेतकरी हरतो, असं आपण धरून चाललात. दादाजी खोब्रागडे यांची गोष्ट आपल्याला माहीत नसेल तर ऐका. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातलं नांदेड हे त्यांचं गाव. १९८०च्या दशकात त्यांना आपल्या छोट्या शेतात 'पटेल ३' या भातात काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या जपल्या, वेगळ्या पेरल्या, वर्षानुवर्षं निवडत गेले. बारीक, चवदार, भरघोस तांदूळ तयार झाला. गावाने बियाणं मागितलं, त्यांनी दिलं. तेव्हाच्या लोकप्रिय घड्याळावरून त्याचं नाव पडलं एचएमटी. आज विदर्भात, छत्तीसगडात, तेलंगणात ताट वाढताना हे नाव घेतलं जातं. डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने त्यांच्याकडून बियाणं नेलं आणि १९९८मध्ये 'पीकेव्ही-एचएमटी' या नावाने वाण प्रसारित केलं. विद्यापीठाचं म्हणणं की त्याने ते शुद्ध करून सुधारलं. दादाजींचं म्हणणं की श्रेयही नाही आणि मोबदलाही नाही. २०१०मध्ये 'फोर्ब्स'ने त्यांना देशातल्या प्रभावी ग्रामीण उद्योजकांत मोजलं. ३ जून २०१८ रोजी ते वारले, तेव्हा उपचाराच्या पैशाची ओढाताण चालू होती.

दादाजींकडे पुरावा नव्हता का? अख्खा नागभीड तालुका साक्षीला होता. व्यापारी साक्षीला होते. ते वाण कोणाचं हे कोणी नाकारत नव्हतं. त्या पुराव्यातून पैसा घरी येईल असं दार कुठेच नव्हतं. त्यांच्या दाण्यांचा ठसा १९८३च्या तारखेसह साखळीवर असता, तरी तो कोणत्या कार्यालयाच्या कोणत्या खिडकीवर दाखवायचा होता? आपण बांधलेल्या वहीच्या पलीकडे ही खिडकी कोण बांधणार, याचं उत्तर आपल्याकडून हवं आहे.

खिडकी अजिबात नाही असंही नाही. २००१चा वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा आहे. त्याच्या ३९व्या कलमाने शेतकऱ्याला आपलं बियाणं राखायला, पेरायला, वाटायला, ब्रँडचं नाव न लावता विकायलाही हक्क दिला आहे. शेतकऱ्याला नोंदणीचं शुल्क नाही. वाण वेगळं आहे का, एकसारखं येतं का, पिढ्यान्‌पिढ्या टिकतं का, हे शेतात लावून तपासलं जातं. संरक्षण एकूण १५ वर्षं, झाडांना आणि वेलींना १८. दुसऱ्याने त्या वाणावरून नवं वाण केलं तर लाभातला वाटा मागता येतो, आणि त्यासाठी जनुक निधी आहे. आपल्या मांडणीत या कायद्याचा उल्लेखही नसतो. २००२च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक पंचायतीत समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही सांगितली आहे, तिचाही नसतो. जणू आपण येण्याआधी इथे काही नव्हतंच.

कायदा पुरेसा आहे असा इथे दावा नाही. २०१९मध्ये पेप्सिको कंपनीने गुजरातेतल्या बटाटा शेतकऱ्यांवर नोंदणीकृत वाण पेरल्याबद्दल दावे लावले, काहींकडून एक कोटीहून अधिक भरपाई मागितली. देशभर ओरड झाल्यावर दावे मागे घेतले गेले. २०२१च्या डिसेंबरात वाण संरक्षण प्राधिकरणाने कंपनीची नोंदणी रद्द केली आणि २०२४च्या जानेवारीत दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने तो निर्णय फिरवला. शेतकऱ्याचा हक्क कायद्यात असूनही त्याच्यावर वकील करायची पाळी येते. पण त्या शेतकऱ्यांच्या बाजूला किमान ३९वं कलम होतं. साखळीवरच्या नोंदीच्या बाजूला कोणतं कलम आहे?

तिसरी गोष्ट सावधपणे सांगायची आहे, कारण तीत माणसं तुरुंगात जातात. आपल्या देशात परवान्याशिवाय गांजाचं झाड लावणं हा १९८५च्या अमली पदार्थ कायद्याच्या २०व्या कलमाखाली गुन्हा आहे. दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. अशा पिकाच्या जुन्या वाणाचा राखणदार कोण, कोणत्या गावचा, किती वर्षांपासून, हे न पुसता येणाऱ्या सार्वजनिक वहीत लिहिणं म्हणजे त्याच्याकडून कबुलीजबाब लिहून घेणं. हिमाचलातलं मलाणा घ्या, केरळातल्या इडुक्कीचे डोंगर घ्या. तिथली वाणं ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या राखली ते गुन्हेगार ठरतात, आणि त्याच डोंगरांची नावं लावून युरोपात पाकिटातून बियाणं विकणाऱ्यांना वाण घडवणारा म्हणून मान मिळतो. साखळी या अन्यायाची तारीख नोंदवेल. ती तारीख मात्र पाकीट विकणाऱ्याची असेल, कारण नोंद करायला तोच पुढे येऊ शकतो.

हा अन्याय जुना आहे. १८९३-९४च्या भारतीय भांग आयोगाने बाराशेच्या आसपास साक्षीदार तपासले आणि सात खंडांचा अहवाल लिहिला. त्या काळी अहमदनगर जिल्ह्यात परवान्याखाली गांजाची शेती होती. बंगालात नौगावला 'पोद्दार' नावाचे जाणकार शेतातून फिरून कळीवरून नर झाडं ओळखायचे आणि बीज धरण्याआधी उपटून टाकायचे. गांजाच्या पिकाचं सगळं मोल त्यांच्या नजरेवर अवलंबून होतं. आज जगभरात मादी झाडांचं बिनबियांचं पीक घेण्याची जी पद्धत आधुनिक म्हणून सांगितली जाते, ती या नजरेचीच आहे. त्या पोद्दारांपैकी एकाच्याही नावे कोणतं वाण नाही, कोणती रीत नाही.

आणि ज्यांनी विश्वासाने नमुने दिले त्यांचं पुढे काय होतं, हेही गांजाच्याच धंद्यात दिसलं आहे. ओरेगनमधल्या फायलोस बायोसायन्स कंपनीने उत्पादकांकडून हजारो नमुने घेऊन वाणांच्या नात्यागोत्यांचा मोठा नकाशा मांडला. ही माहिती खुली राहिली की कोणाला तिच्यावर पेटंट घेता येणार नाही, असा भरवसा त्यामागे होता. ओपन कॅनाबिस प्रोजेक्ट नावाची ना-नफा संस्था त्याच हेतूने उभी होती. २०१९च्या एप्रिलमध्ये कंपनीने स्वतःच वाण पैदास सुरू करत असल्याचं जाहीर केलं आणि उत्पादकांत संतापाची लाट उठली. आम्ही तुमची रोपं वापरत नाही, असं कंपनीने सांगितलं. माहितीचं काय, हा प्रश्न लोंबकळत राहिला. त्या गदारोळानंतर थोड्याच दिवसांत ओपन कॅनाबिस प्रोजेक्ट बंद झाला. नार्व्यातून मूठभर कोरगुट घेऊन गेलेल्या तरुणाच्या हातात उद्या कंपनीची चावी राहील का, हे त्यालाही सांगता येणार नाही.

आता पेडण्यातलं हरमल. जगाला हे नाव समुद्रकिनारा आणि हिप्पींच्या काळापासूनच्या चरस-गांजामुळे ठाऊक झालं. पेडणेकराला ते लाल मिरचीमुळे ठाऊक आहे. हरमलच्या मिरचीला २०२१मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच सुमारास मयड्याच्या केळ्याला आणि गोव्याच्या खाज्यालाही. फेणीला २००९मध्येच मिळालं होतं, मानकुराद आंब्याला २०२३मध्ये. मानांकन नावाचं आणि प्रदेशाचं रक्षण करतं, बियाण्याचं नाही. मिरचीत परपरागीकरण होतं. शेजारच्या वाफ्यात बाजारातली संकरित मिरची लावली की चार-पाच हंगामांत हरमलची चव पातळ होत जाते. आपल्याला काही करायचंच असेल तर हा प्रश्न घ्या: शुद्ध हरमल मिरचीचं बियाणं कोणाकडे उरलंय, त्यांच्या वाफ्यांमधलं अंतर किती, त्यांना ते राखायला दर वर्षी कोण पैसे देणार. यात साखळी लागली तर जरूर वापरा.

कोरगुटाचंही तसंच. खाजनातल्या खाऱ्या मातीत उभं राहणारं हे भात. जुन्या गोव्याजवळ एल्याला असलेल्या भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या संस्थेने त्याच्यातूनच निवड करून गोवा धान १ आणि गोवा धान २ ही खारं पाणी सोसणारी वाणं दिली. समुद्र वर येतो आहे, बंधारे फुटत आहेत, खारेपणा आत शिरतो आहे. कोरगुटातल्या गुणाला उद्या बंगालपासून व्हिएतनामपर्यंत गिऱ्हाईक असेल. तो गुण कोणी एकाने शोधला नाही. बांध घालणाऱ्या, मानशीची दारं भरती-ओहोटीला उघडझाप करणाऱ्या गावकऱ्यांनी मिळून तो शेकडो वर्षं निवडला. आपल्या अर्जात मालकाच्या नावाला एकच रकाना आहे. गावकरीचं, म्हणजे गावाच्या सामायिक व्यवस्थेचं, नाव त्यात कसं बसणार?

मालकीचा हा गुंता आंब्याइतका दुसऱ्या कशात दिसत नाही. गोव्यात आलेल्या जेझुइट पाद्रींनी इथे आंब्याची कलमं बांधली, आणि पुढे ती कलमं कोकणभर गेली. हापूसच्या नावात अफोन्सो दी अल्बुकर्क आहे असं मानतात. २०१८मध्ये हापूसला मानांकन मिळालं ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांना. गोव्याने तक्रार करावी का? देवगडच्या कातळावर सुरुंग लावून, खड्ड्यांत माती भरून ज्यांनी ही झाडं जगवली त्यांचा हक्क कोणत्या तारखेने ठरवायचा? आपली साखळी म्हणेल, पहिली नोंद ज्याची त्याचं वाण. बियाण्याचा संसार असा चालत नाही. ते देण्याघेण्यानं वाढतं, प्रत्येक हाताचं त्यात काहीतरी मिसळतं. हक्काची मांडणी करायचीच तर ती या सगळ्या हातांना धरून करावी लागेल, आणि ते काम गणितापेक्षा ग्रामसभेत बसून करायचं आहे.

एवढं बोलल्यावर साखळीचा उपयोग कुठे आहे तेही सांगायला हवं, नाहीतर हे पत्र एकतर्फी होईल. नार्व्यापासून फार लांब नसलेल्या माशेलात जन्मलेले डॉ. रघुनाथ माशेलकर सीएसआयआरचे प्रमुख होते तेव्हाची गोष्ट. जखमेवर हळद लावण्याचं पेटंट १९९५मध्ये अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या संशोधकांना मिळालं होतं. सीएसआयआरने त्याला आव्हान दिलं आणि १९९७मध्ये ते रद्द करून घेतलं. कशाच्या बळावर? छापील, तारखेच्या, परीक्षकाला वाचता येतील अशा पुराव्यांच्या. जुने संस्कृत ग्रंथ होते, १९५३चा एका वैद्यकीय नियतकालिकातला लेख होता. वाचता येतील, हे शब्द महत्त्वाचे. ६४ अक्षरांचा ठसा पेटंट परीक्षकाला काहीच सांगत नाही. त्यामागे वाणाचं सविस्तर, उघड वर्णन असेल तरच ठशाच्या तारखेला किंमत येते. तसं वर्णन असेल, तर मात्र सात समुद्रांपलीकडच्या परीक्षकासमोर ती तारीख निर्विवाद उभी राहील. आपलं तंत्र इथे खरंच कामाचं आहे.

म्हणून काही मागण्या आहेत. गांजापासून सुरुवात करू नका. कायदा बदलेपर्यंत कुठल्याही राखणदाराचं नाव, गाव त्या पिकाशी जोडून कुठेही लिहू नका. कायदा बदलला तर, वाणाचं वर्णन सर्वांसाठी खुलं ठेवून कोणालाच पेटंट घेता येणार नाही अशी तजवीज पहिली करा. भात, मिरची, आंबा, केळी घेताना पंचायतीच्या लोकजैवविविधता नोंदवहीतून सुरुवात करा. ती वही मराठीत आणि कोंकणीत, गावकऱ्यांना वाचून दाखवत भरा, ग्रामसभेने मान्य केल्यावर तिच्या पानांचा ठसा साखळीवर चढवा आणि दुरुस्तीची नवी पानं जोडायची सोय ठेवा. एक-चौदाचा उतारा मागू नका. बियाणं निवडणारी, वाळवणारी, बांधणारी बहुधा बाई असते आणि जमिनीच्या कागदावर ती बहुधा नसते. नमुना घेतला की लेखी पावती द्या: कुठे नेला, कोण वाचणार, माहिती कोणाच्या ताब्यात, कंपनी विकली गेली तर तिचं काय. ही पावती साध्या कागदावर, सही-शिक्क्याची, हातात द्या.

आणि वकील मंडळींना वेगळं सांगणं. आपण वाण नोंदणीचे अर्ज शेतकऱ्यांसाठी भरून द्या. शुल्क नसलं तरी तांत्रिक प्रश्नावली भरणं, बियाणं ठरल्या वजनाचं पाठवणं, प्रयोगक्षेत्रावरच्या चाचण्यांचा पाठपुरावा करणं हे एकट्या कुटुंबाला झेपत नाही. आपल्या एका संगणक प्रणालीच्या खर्चात पेडणे आणि डिचोली तालुक्यांतल्या कितीतरी वाणांची ही वाट पूर्ण होईल. दादाजींना जे दार मिळालं नाही ते तरी यांना मिळू द्या.

नार्व्यात श्री सप्तकोटेश्वराच्या देवळाच्या दारावर एक शिलालेख आहे. शके १५९०, कार्तिक वद्य पंचमीला, म्हणजे १३ नोव्हेंबर १६६८ रोजी, शिवाजी महाराजांच्या आज्ञेने देवालयाचं काम सुरू झालं अशी ती नोंद आहे. दगडातली, न पुसता येणारी. पण त्या नोंदीच्या शंभरेक वर्षं आधी दिवाडीवरचं मूळ देऊळ पाडलं गेलं तेव्हा लोकांनी लिंग नदीपार आणून इथे ठेवलं होतं, पूजत होते. त्या माणसांची नावं कोणत्याही दगडावर नाहीत. मुडी बांधणाऱ्या बायकांची नावंही नाहीत. आपली वही तयार करताना या दोन प्रकारच्या माणसांचा विचार व्हावा, एवढ्यासाठी हे इथे लिहिलं.

माळ्यावरची मुडी पावसाच्या तोंडावर, मे अखेरीस उघडते. आजी दाणे पाण्यात टाकते, वर तरंगलेले काढून टाकते, बुडालेले भिजवून मोड आणते. तो तरुण आणि त्याचे सहकारी त्या आठवड्यात पुन्हा यावेत अशी विनंती आहे. चुकलेलं नाव दुरुस्त कसं करायचं याचं उत्तर घेऊन यावं, आणि नेलेल्या मूठभर भाताची पावतीही. दिवाडीहून फेरीबोट नार्व्याच्या धक्क्यावर लागते. पंचायत तिथून लांब नाही.

कळावे, लोभ असावा,

आपला नम्र,
खाजनशेती करणारा एक ग्रामस्थ
नार्वे, डिचोली, गोवा